गोठलेलं पिकअपचं कुलूप: तापवलेली किल्ली की डी-आयसर?
कॅनडातल्या विनिपेगच्या जानेवारीत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला की पिकअपच्या दाराच्या कुलपात शिरलेलं पाणी गोठतं आणि किल्ली अर्ध्यातच अडते. लायटरवर किल्ली तापवणं फुकटात होतं, पण ऊब काही सेकंदांत विरते. शिवाय किल्लीच्या मुठीतली, गाडी सुरू होऊ देणारी चिप जळाली, तर दार उघडूनही गाडी सुरू व्हायची नाही.

मी डी-आयसरच, म्हणजे कुलपातला बर्फ वितळवणारा द्रवच घेईन. त्यातलं अल्कोहोल बर्फ वितळवतं आणि ते पाणी सहजी पुन्हा गोठू देत नाही. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल तर उणे ८९ अंशांना गोठतं. मात्र ते कुलपातलं वंगणही धुऊन नेतं, म्हणून नंतर ग्रॅफाइटची पूड घालावी. आणि बाटली कोटाच्या खिशात हवी, गाडीत नाही!