एक्सपी, सेव्हन आणि टेन एकाच घरात: घरी येऊन शेअरिंग जोडून देणाऱ्या पोराला ५ पैकी ४

सांगलीत आमच्या बाबांचं डीटीपीचं काम घरातूनच चालतं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, असलं सगळं. मशीन विंडोज एक्सपीचं, कारण त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि मराठी अक्षरांचं श्रीलिपी बसवलंय, मागं त्याच्या परवान्याचा डोंगल लावलाय, आणि "बदलूया का आता" म्हटलं की बाबांना ऐकू येत नाही. दुसरा डेस्कटॉप विंडोज ७ चा, प्रिंटर त्याला. तिसरा माझा लॅपटॉप, विंडोज १०, गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ पाठवायला.

२०१८ पर्यंत तिघांचं छान चाललं होतं. मग पावसाळ्यात लॅपटॉपला मोठं अपडेट आलं, चातुर्मासात पत्रिकांचं काम नसतंच त्यामुळं कुणी फाइल मागितली नाही, आणि तुळशीचं लग्न लागून पहिली ऑर्डर आली तर लॅपटॉपवरनं एक्सपी उघडेचना! तेव्हा एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला जुनं भंगारात घाला आणि नवीन घ्या, वर बघितल्याचे ३०० रुपये घेतले. तेव्हापासून पेनड्राइव्ह. त्यात शॉर्टकट व्हायरस शिरला की अख्खा दिवस बोंबाबोंब. इतकी वर्षं असंच काढलं हे सांगायला पण लाज वाटते.

आता या दिवाळीनंतर एका ओळखीच्यांनी या पोराचा नंबर दिला. शनिवारी येतो म्हणून रविवारी आला, हे आधीच सांगून ठेवतो.

पण आल्यावर मात्र थेट माउस धरला नाही. आधी विचारलं, "काका, फाइल कुठून कुठं जायला पाहिजे?" बाबांनी चहा येईपर्यंत सगळा इतिहास ऐकवला, त्यानं ऐकला. मग केबल बघितली, एक्सपीच्या केबलची क्लिप तुटलेली, हलवली की दिवा जायचा, तिथंच नवीन क्लिप क्रिम्प केली. मग माझा लॅपटॉप. तो निघाला राउटरच्या गेस्ट वायफायवर! भाच्यानं कधीतरी जोडून दिला होता, इंटरनेट चालतंय म्हणून मी कधी बघितलंच नाही. आमच्या राउटरवर गेस्टवाल्याला फक्त इंटरनेट मिळतं, घरातले बाकीचे कॉम्प्युटर दिसत नाहीत. विंडोज ७ नं नवीन राउटरला पब्लिक नेटवर्क समजून घेतलेलं, म्हणजे आपल्याच घरात फायरवॉल लावून बसलेला, ते होम केलं.

एवढं करून सेव्हन आणि टेन बोलायला लागले, पण आधी पासवर्डवरनं गंमत झाली. लॅपटॉपनं युजरनेम पासवर्ड मागितला, मी लॅपटॉपचा पिन टाकतोय, टाकतोय, चुकीचा म्हणतंय. पोरगं म्हणालं, "दादा, ज्याच्या घरी जाताय त्याची किल्ली लागते." सेव्हनवर एक वेगळा युजर काढला, पासवर्ड ठेवला, आणि तो लॅपटॉपवर टाकला की उघडलं. फाइल दिसायची पण सेव्ह व्हायची नाही, कारण शेअरिंगची परमिशन आणि फोल्डरच्या सिक्युरिटीची परमिशन दोन्ही वेगळ्या असतात आणि दोन्हीकडं लिहायची परवानगी लागते.

राहिला एक्सपी. पोरानं २०१८ चा उलगडा केला तेव्हा मी कपाळाला हात लावला. एक्सपीला शेअरिंगची फक्त जुनी भाषा येते, एसएमबी १. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेनं पसरला, आणि मग विंडोज १० नं ती भाषा काढायला सुरुवात केली. आधीपासून होती तिथं पण १५ दिवस वापर झाला नाही की आपोआप निघून जायची. म्हणजे आमच्या चातुर्मासानं घात केला! घरातले कॉम्प्युटर सोप्यानं जोडायची होमग्रुप ही सोय पण २०१८ च्याच अपडेटमध्ये गेली.

मी म्हटलं, मग परत चालू कर की, नेटवर तर टिक कर एवढंच सांगतात. तो नाही म्हणाला. तुमच्या लॅपटॉपवर बँकेचं काम चालतं, त्यावर नको. त्याऐवजी सेव्हनला दुभाष्या केला, कारण सेव्हनला दोन्ही भाषा येतात. बाबा एक्सपीवरनं सेव्हनच्या फोल्डरमध्ये पीडीएफ टाकतात, मी तिथनं लॅपटॉपवर उचलतो. एक्सपीला हातानं आयपी, म्हणजे नेटवर्कमधला नंबर, दिला आणि गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, रकाना मोकळा सोडला, म्हणजे घरात बोलेल पण इंटरनेटवर जाणार नाही. एप्रिल २०१४ पासून एक्सपीचा सपोर्ट बंद आहे, ते बाहेर हिंडायला नकोच. मला हे डोकं फार आवडलं. सेव्हनचा सपोर्ट पण जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळं त्यावर बँक, मेल काही उघडू नका म्हणून बाबांना दोनदा बजावलं, आणि वॉनाक्रायची वाट बंद करणारी दुरुस्ती (पॅच) आहे का तेवढं तपासून गेला.

एक्सपीच्या आतल्या घड्याळाचा सेल पण बदलला, मागितला नव्हता. लाइट गेली की तारीख मागं जायची आणि दोन पत्रिकांतली शेवटची दुरुस्ती कुठली हे फाइलच्या तारखेवरनं कळायचंच नाही, एकदा त्यात "चि.सौ.कां." चुकून छापून गेलेलं.

एकूण १,१०० घेतले, क्लिप, सेल सगळं धरून.

आता एक मार्क का कापला. चौथ्या दिवशी लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला आणि लॅपटॉपवरचा शॉर्टकट मेला. एक्सपीला पक्का आयपी दिला आणि सेव्हनला द्यायला विसरला, त्याला राउटरनं नवीन नंबर दिला. फोन केला तर आधी उचलला नाही, संध्याकाळी स्वतः आला, सेव्हनचाही नंबर पक्का केला, पैसे घेतले नाहीत. बाबांच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या कार्डावर दोन उलटे तिरके दांडे आणि पुढं तो नंबर असं मोठ्या अक्षरात लिहून गेला, नेटवर्कमध्ये कॉम्प्युटर दिसला नाही तरी हे टाइप करायचं म्हणून. बाबांनी त्या कार्डाला कडेनं वेलबुट्टीची बॉर्डर काढलीय.

प्रिंटर लॅपटॉपवरनं चालत नाही, ते त्यानं पुढच्या वेळी म्हणून सोडलंय. लग्नसराई संपली की बोलावतो.