जुना आर्केड बोर्ड दुरुस्त करायचाय: लॉजिक प्रोब की ऑसिलोस्कोप?

एका मित्राकडे १९८० सालच्या पॅक-मॅनचा मूळ बोर्ड आलाय. चालू केला की पडदाभर वेडीवाकडी अक्षरं दिसतात आणि गेम पुन्हा पुन्हा रीसेट होतो. लॉजिक प्रोब (चिपच्या पायावर टेकवला की सिग्नल शून्य, एक की बदलता, ते दिव्यांनी सांगतो) घेऊ की ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप (व्होल्टेज कसं बदलतं ते पडद्यावर रेषेने दाखवतो), यात तो अडकलाय.

(त्याआधी साधा मल्टिमीटर काढ. झेड-८० या मुख्य प्रोसेसर चिपच्या ११ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट पोचत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ.)

खर्चात तुलनाच नाही. प्रोब स्कोपच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात येतो. शिकायलाही एक संध्याकाळ पुरते.

खरा फरक दोष पकडण्यात आहे. प्रोब झेड-८०च्या ६ नंबरच्या पायावर टेकवला की क्लॉक, म्हणजे प्रोसेसरला चालवणारे ठोके, येतंय का ते कळतं. २६ नंबरवर, म्हणजे रीसेटच्या पायावर, दिवा ठरावीक अंतराने बदलत राहिला, तर वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारं सर्किट) बोर्डाला रीसेट करतोय, म्हणजे प्रोग्रॅम नीट चालतच नाहीये. टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक चिपचा एक प्रकार) चिपचं आउटपुट मेलेलं असेल तर बहुतेकदा एकही दिवा लागत नाही. ही खूण मला फार मोलाची वाटते.

पण टीटीएलमध्ये ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २च्या वर एक. दोन चिप एकाच बसवर (चिपना जोडणाऱ्या सामायिक तारांवर) भांडत असल्या की पातळी मधेच लोंबकळते. प्रोबचा पल्सचा दिवा तरीही लुकलुकत राहतो आणि आपण फसतो. स्कोपवर मात्र ती अर्धवट पायरी स्वच्छ दिसते.

एकच बोर्ड जिवंत करायचा असेल तर प्रोब घे. बोर्ड येतच राहणार असतील, किंवा दोष कधी येतो कधी जातो असा असेल, तर स्कोपसाठी पैसे साठव.