१९ मिमी षटकोनी पितळी रॉड: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

भोसरीतील आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये १९ मिमी षटकोनी रॉडपासून पाइप फिटिंगचे नट तयार होतात. आयएस ३१९ या भारतीय मानकाप्रमाणे असलेले हे शिसेयुक्त पितळ गेले वर्षभर आम्ही एकाच पुरवठादाराकडून घेत आहोत आणि या मालाविषयी मनापासून चांगले लिहावेसे वाटते, कारण त्याआधीच्या पुरवठादाराच्या मालाने आम्हाला फार मनस्ताप दिला होता.

त्या जुन्या मालाचे नट तपासणीत पास होऊन गोदामात ठेवले होते. दीड महिन्याने, ऐन पावसाळ्यात खोके उघडले, तेव्हा कसलाही भार पडलेला नसताना कित्येक नटांना केसाएवढी बारीक उभी चीर गेलेली दिसली. एक्स्ट्रुजननंतर, म्हणजे पितळेचा तापवलेला ठोकळा (बिलेट) प्रेसने डायच्या भोकातून दाबून रॉड काढल्यावर, तो मापात आणण्यासाठी तो थंड असतानाच डायमधून ओढला जातो, त्या वेळी त्यात ताण साठतो. असे पितळ दमट हवेत अमोनियाच्या संपर्कात आले की तडकते, आणि आमचे गोदाम स्वच्छतागृहाला लागूनच होते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवल्यावर अशीच तडकत असत. यावर उपाय म्हणजे ओढलेला रॉड २५० ते ३०० अंश सेल्सिअसला शेकून साठलेला ताण घालवणे. सध्याचे पुरवठादार प्रत्येक लॉट असा शेकतात, नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवून पाहतात (ताण उरला असेल तर तो त्यात तडकतो) आणि तो अहवाल मालासोबत पाठवतात.

जुन्या मालात ड्रिल मारताना रॉडचा गाभाही कधी कधी फुटका निघे. बिलेट दाबला जात असताना शेवटी शेवटी त्याची ऑक्साइडची साल मध्यभागी ओढली जाते; म्हणून बिलेटचा शेवटचा भाग न दाबता टाकून द्यावा लागतो. त्याने भंगार वाढते आणि दरही किलोमागे थोडा चढतो, पण तो आम्ही खुशीने देतो.

एकदा मात्र याही मालातील दोन रॉडवर ठरावीक अंतराने आडव्या चिरा आढळल्या. बिलेट जास्त तापला किंवा जास्त वेगाने दाबला गेला की डायपाशी पृष्ठभागाचे तापमान आणखी वाढते आणि त्या उष्णतेत ठिसूळ झालेला धातू फाटतो. पुरवठादाराने प्रेसची नोंदवही तपासून त्या पाळीत वेग वाढवल्याचे स्वतः कळवले आणि संपूर्ण लॉट बदलून दिला.

तक्रार एकच आहे. ८ मिमीचे रॉड ते शेकल्यानंतर सरळ करतात, त्यामुळे घालवलेला ताण काही प्रमाणात परत येतो. आधी सरळ करून मग शेकावे, असे आम्ही लेखी कळवले आहे. तोवर ते रॉड आम्ही आमच्या भट्टीत पुन्हा शेकूनच मशीनवर घेतो.