लॉ सीईटीची मॉक टेस्ट सिरीज, घ्या पण एक गोष्ट लक्षात ठेवा

3 वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीसाठी ही ऑनलाइन सिरीज घेतली आणि खरंच खूप उपयोगी पडली. पेपर 120 प्रश्नांचा, वेळ 2 तास, म्हणजे प्रश्नाला 1 मिनिट, त्यात इंग्रजीचे प्रश्न भरपूर, त्यामुळे नुसतं लीगल अ‍ॅप्टिट्यूड (कायद्याची समज तपासणारे प्रश्न) घासून भागत नाही. यांच्याकडे इंग्रजी सोडून बाकीचे प्रश्न मराठीतही दिसतात हे फार भारी, मराठी मीडियमच्या पोरांना टॉर्ट्सचे (नुकसानभरपाई मागता येते अशा दिवाणी चुकांचे) लांबलचक प्रसंग पटकन कळतात. स्पष्टीकरणं मस्त, संविधानाचं तर कलम देऊन समजावलंय. चालू घडामोडी मात्र जुन्या आहेत, रोजचा पेपर वाचाच.

अजिबात न पटलेली गोष्ट म्हणजे या सिरीजमध्ये चुकलं की मार्क कापतात, अहो क्लॅटमध्ये (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) पाव मार्क जातो, आपल्या सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाहीये! यांच्या सवयीने पोरं प्रश्न सोडून देतील. एकही रिकामा ठेवू नका, शेवटची 5 मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा. आणि हॉल तिकीट, ओरिजिनल आयडी आदल्या रात्रीच बॅगेत टाका.