८३ मिनिटांचे एकच गाणे : बेल विचचा ‘मिरर रीपर’

मेटल संगीतात लांबलचक गाण्याची आता नवलाई उरलेली नाही. ब्रिटनच्या आयर्न मेडन या बँडने १९८४ साली पावणेचौदा मिनिटांचे गाणे केले, तेव्हा ते साहस वाटले होते. १९९६ साली स्वीडनच्या एज ऑफ सॅनिटीने ‘क्रिमसन’ हा ४० मिनिटांचा एकच ट्रॅक असलेला अल्बम काढला, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या स्लीपने तासाभराहून मोठे ‘डोपस्मोकर’ ध्वनिमुद्रित केले. सिअ‍ॅटलच्या बेल विच या दोघांच्याच बँडचा, ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रोफाउंड लोर या कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘मिरर रीपर’ मात्र या सर्वांच्या पुढे जाऊन ८३ मिनिटांवर थांबतो. इतका वेळ वाजवत राहणे अवघड असले तरी साधण्यासारखे आहे; इतका वेळ ऐकणाऱ्याचे लक्ष धरून ठेवणे हे खरे कठीण काम, आणि हा अल्बम त्याच कसोटीवर तपासायला हवा.

आधीच्या दोन गाण्यांनी हा प्रश्न दोन वेगळ्या मार्गांनी सोडवला होता. ‘क्रिमसन’मध्ये दर काही मिनिटांनी रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा स्वरसमूह, बदलते, खर्जातल्या गुरगुरत्या गायकीनंतर स्वच्छ आवाज येतो, आणि अपत्यप्राप्ती थांबलेल्या मानवजातीत राजघराण्यात एक मुलगी जन्माला येते ही कथा श्रोत्याला पुढे ओढत राहते. ‘डोपस्मोकर’ने याच्या नेमकी उलट वाट धरली. तिथे मूळ रिफ इतक्या वेळा आणि इतक्या जाड आवाजात फिरते की काही वेळाने आपण बदलाची वाट पाहणेच सोडून देतो. ‘मिरर रीपर’ला यांतला कोणताही मार्ग मोकळा नव्हता. तो ज्यात मोडतो त्या फ्युनरल डूम या मेटलच्या उपप्रकाराची लय इतकी संथ असते की झटपट बदल तिला पेलत नाहीत, आणि दोन ठोक्यांमध्ये एवढी पोकळी राहते की पुनरावृत्तीची गुंगीही चढत नाही.

मग हे गाणे तग कसे धरते? माझ्या मते, स्वर विझताना ऐकायला लावून. या बँडमध्ये गिटारच नाही. डिलन डेझमंड सहा तारांचा बास दोन्ही हातांनी वाजवतो. एका हाताने खालचे जड स्वर आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या आघातांनी काढलेली वरची धून, अशी दोन माणसांची कामगिरी तो एकटा पार पाडतो. सुरुवातीला हा बास एकटाच ऐकू येतो. स्वर लागतो, तारेची थरथर हळूहळू उघडी पडत जाते, आणि तो जवळजवळ संपला असे वाटेपर्यंत पुढचा स्वर येत नाही. त्यानंतर जेसी श्राइबमनचे ड्रम्स पूर्ण वजनानिशी कोसळतात, तेव्हा तो आघात मोठा वाटण्याचे श्रेय आधीच्या त्या रिकाम्या जागेलाच द्यावे लागते. श्राइबमन ऑर्गनही वाजवतो, आणि बासचा स्वर मावळत असताना त्याखालून ऑर्गन कधी सुरू झाला हे अनेकदा उशिरा लक्षात येते.

विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही सवय थोडीफार असते. तिथे मात्र आवर्तन कितीही लांबले तरी सम येणार याची खात्री असते, आणि त्या खात्रीच्या बळावर गायक आपल्याला दूरवर नेऊ शकतो. बेल विच असे कोणतेही आश्वासन देत नाही, म्हणून श्रोत्याने धून लक्षात ठेवली तरच ती बदललेल्या रूपात परतल्याचे त्याला जाणवते.

या अल्बमचा गाभा मध्यावर आहे. बँडचा आधीचा ड्रमर आणि गायक एड्रियन गेरा २०१६ साली, या गाण्याची रचना चालू असताना वारला. २०१५ च्या ‘फोर फँटम्स’ या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रित होऊन न वापरलेला त्याचा आवाज इथे मध्यभागी ठेवला आहे. बाकी वाद्ये जवळजवळ बाजूला होतात आणि तो घोगरा, खोल आवाज समोर येतो. त्याची पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही इथे काहीतरी निराळे घडते आहे हे कळते, कारण त्यापूर्वीचा सर्व वेळ या जागेसाठी वातावरण तयार करण्यात गेलेला असतो. वीस मिनिटांच्या गाण्यात हाच प्रसंग निम्मा उणा पडला असता. लांबी सार्थ ठरते ती इथे.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझे मन तितके अनुकूल नाही. ‘अ‍ॅज अबव्ह’ हा पूर्वार्ध साधारण ४८ मिनिटांचा आणि ‘सो बिलो’ हा उत्तरार्ध ३५ मिनिटांचा. दुसऱ्या भागात एरिक मॉग्रिज या पाहुण्या गायकाचे स्वच्छ, प्रार्थनेसारखे गायन आहे आणि ते अतिशय सुंदर आहे. परंतु त्याच्या भोवतीचा शांत पल्ला इतका पसरतो की मध्यावर साठलेला ताण विरळ होऊ लागतो. पूर्वार्धातील शांततेत पुढच्या आघाताची चाहूल असते, तर इथली शांतता बराच वेळ केवळ शांतता राहते. हा भाग आठ-दहा मिनिटांनी आखूड असता, तर शेवटचा जड भाग अधिक खोल उतरला असता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बिली अँडरसनच्या ध्वनिमुद्रणाला दोष देता येणार नाही. ‘डोपस्मोकर’चे ध्वनिमुद्रणही त्याचेच होते. तिथे त्याने आवाजाची घट्ट भिंत उभी केली, तर इथे ड्रम्सवरच्या प्रत्येक झांजेचा (सिंबलचा) नाद शेवटपर्यंत विरू दिला आहे.

विकत घेताना स्वरूपाचा विचार अवश्य करावा. सीडीवर साधारण ८० मिनिटेच मावत असल्यामुळे हा अल्बम दोन सीडींवर विभागला आहे, आणि दोन एलपींवर तो चार बाजूंत तुटतो. मारियुश लेवांडोव्स्की या पोलिश चित्रकाराचे मुखपृष्ठ एलपीच्या आकारातच नीट पाहता येते, हे खरे. पण ज्या संगीताचा जीव स्वर विझण्यात आहे, तिथे सुई उचलून तबकडी उलटणे फार महागात पडते. म्हणून अखंड ८३ मिनिटांची डिजिटल फाइल घ्यावी, ती चांगल्या हेडफोनवर ऐकावी, आणि पहिल्या खेपेस सगळे एका बैठकीत झेपणार नसेल तर पूर्वार्ध संपेपर्यंत तरी मध्ये थांबू नये.