ब्रॉयलरच्या खाद्यातली एमओएस पावडर: घ्यावी, पण लेबल वाचून

यीस्टच्या पेशीभित्तीपासून बनणारी एमओएस (मॅनन-ऑलिगोसॅकराइड) पावडर प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंना पोषक घटक, म्हणून विकली जाते. ती घेण्याजोगी आहे, मात्र तिच्याकडून नेमकं काय मिळतं ते आधी समजून घ्यावं. ई. कोलाय आणि साल्मोनेला आतड्याच्या अस्तरावरच्या मॅनोज साखरेला चिकटतात. पावडरीतही तीच साखर असते. जंतू तिला धरून बसतात आणि विष्ठेवाटे निघून जातात. ते मरत नाहीत, म्हणून लागण झालेल्या लॉटला उपचार म्हणून ही पावडर देऊ नये. कॉक्सीचं (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाचं) औषध तर हिच्या भरवशावर मुळीच बंद करू नये.

चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन वेगळ्या पद्धतीने काम करतं. सिकममधले (आतड्याच्या शेवटाकडच्या पिशव्यांमधले) लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जीवाणू ते आंबवतात, आम्ल तयार होतं, सामू उतरतो आणि रोगजंतूंना तिथे तग धरणं अवघड जातं. पुढे इतर जीवाणूंकडून ब्युटिरेट हे आम्ल तयार होतं, ते थेट आतड्याच्या पेशींना पोसतं. पण इन्युलिनचं प्रमाण जास्त झालं की विष्ठा पातळ होते, तुसाची गादी ओली राहते आणि शेडमध्ये अमोनिया चढतो. एमओएसमध्ये ही भीती फारच कमी.

खरी फसगत लेबलावर होते. मॅनन (मॅनोज साखरेची साखळी, म्हणजे पावडरीतला कामाचा भाग) किती टक्के ते छापलेलं नसेल तर पोतं परत करा. प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर दिसली तर ते बहुधा अख्खं वाळवलेलं यीस्ट असतं: वाईट नाही, पण एमओएसचा भाव त्याला देऊ नये.

पहिले तीन आठवडे टनाला १ किलो, म्हणजे ५० किलोच्या गोणीला ५० ग्रॅम. नंतर टनाला ५०० ग्रॅम पुरे. या हिशेबाने हजार पक्ष्यांच्या लॉटला साधारण अडीच किलो लागते. १ किलो पावडर आधी १० किलो मका भरड्यात कालवा, मगच मिक्सरमध्ये टाका. थेट ओतली की एका गोणीत दुप्पट जाते, दुसरीत काहीच नाही. पाण्यातून देऊ नका, ती नीट विरघळत नाही आणि पक्ष्यांच्या पाण्याचे निपल तुंबतात. पेलेटची उष्णता मात्र ती सोसते, जिवंत प्रोबायोटिकला ते बहुतेकदा जमत नाही.

स्वच्छ शेड, नवी गादी, चांगली पिल्लं असतील तर फरक जेमतेम दिसेल. एकाच हॅचरीची पिल्लं मध्ये जाळी लावून दोन भागांत ठेवा, एकाच बाजूला पावडर द्या, खाद्य वेगळं मोजा आणि ३५व्या दिवशी दोन्हींचा एफसीआर (एक किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागलं ते) काढा. पुढच्या लॉटचं पोतं त्यानंतरच मागवा.