मिसेस चर्चिल की मिसेस हॅरिस? समोर न येणाऱ्या पात्रावर लिहायचं तर

कादंबरीभर ज्यांचं नाव निघत राहतं, पण जी माणसं एकदाही समोर येत नाहीत, अशांवर लिहायला दोघी उत्तम: जेन ऑस्टिनच्या ‘एमा’तल्या (१८१५) मिसेस चर्चिल आणि चार्ल्स डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’मधल्या (१८४३-४४) मिसेस हॅरिस. दीर्घ निबंध लिहायचा असेल तर पहिली घ्या, पंधरा मिनिटांचं एकपात्री करायचं असेल तर दुसरी.

मिसेस चर्चिल आहेत, पण दूर यॉर्कशरला. फ्रँक त्यांच्या नणंदेचा मुलगा, म्हणजे मराठीत या सरळ मामी. ‘आंट’ लिहून सोडू नका. मामाच्या घरात हुकूम मामीचा चालतो, हे नातं ‘मामी’ म्हटलं की लगेच कळतं.

त्यांच्याबद्दलचं बरंचसं फ्रँककडून आलेलं असतं, आणि फ्रँकने आपलं लग्न ठरल्याचं लपवलेलं असतं. म्हणून प्रत्येक उल्लेखापुढे तीन गोष्टी टिपा: कोण सांगतंय, त्याला कुणाकडून कळलं, त्यात कुणाचा फायदा. छत्तिसाव्या प्रकरणात फ्रँकचे वडील मिस्टर वेस्टन सांगतात, की बाई आठवडाभर सोफ्यावरून उठलेल्या नाहीत. पुढे लगेच येतं, की लंडनला येताना वाटेत दोनच मुक्काम करायची त्यांची घाई आहे! एवढ्या एका जागेवर दोन पानं लिहून होतील.

नेहमीची चूक पंचेचाळिसाव्या प्रकरणापाशी होते. बाई वारतात, आणि आजारपण खरंच होतं असं गाव मानू लागतं. आपणही तसंच लिहून जातो. पण ज्या झटक्याने त्या गेल्या, तो आधीच्या दुखण्यापेक्षा वेगळाच होता, असं तिथेच स्पष्ट म्हटलंय. म्हणजे आधीचं दुखणं किती खरं, हा प्रश्न उघडाच राहतो. निबंधाचा जीव इथे आहे, आणि माझा कौलही म्हणूनच या बाईंना.

मिसेस हॅरिसचं काम वेगळं. सेरा गँप ही पैसे घेऊन आजाऱ्याची शुश्रूषा करणारी बाई. स्वतःची तारीफ ती या मैत्रिणीच्या तोंडून ऐकवते. एकोणिसाव्या प्रकरणात दरसुद्धा तसाच कळतो: कष्टकऱ्यांना दिवसाला अठरा पेन्स, बड्या घरी साडेतीन शिलिंग, रात्रपाळीचे वेगळे. एकोणपन्नासाव्या प्रकरणात चहाच्या वेळी गँपच्याच धंद्यातली तिची जोडीदारीण बेट्सी प्रिग भडकून म्हणते, अशी कुणी बाई नाहीच.

एकपात्रीत हा स्फोट शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखा. हॅरिसबाईंचा वेगळा आवाज काढू नका. सगळं गँपच्याच आवाजात, नाहीतर प्रेक्षकाला ती बाई खरी वाटते आणि प्रिगचं वाक्य फुकट जातं. गँपचे मोडके उच्चार प्रमाण मराठीत आणले तर रंग उडतो, तेव्हा बोली एकच धरा आणि शेवटपर्यंत सांभाळा. वेळ कमी असेल तर एकोणीस, पंचवीस आणि एकोणपन्नास ही तीन प्रकरणं आधी वाचा.